चार लाखांची रजई आणि मूठभर पिसं

प्रश्न असा आला आहे: "लेक-जावई ओस्लोला असतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याबरोबर आइसलँडला फिरून आलो. तिथे एका दुकानात आयडर बदकाच्या पिसांची रजई पाहिली. वजन किलोच्या आत आणि किंमत आपल्या रुपयांत चार लाखांच्या वर! जावई म्हणतात, आयुष्यात एकदा घ्यायची वस्तू आहे, पुढच्या खेपेला घेऊ या. मला दोन शंका आहेत. पक्ष्याची पिसं उपटून केलेल्या पांघरुणाखाली मला झोप लागेल का? आणि एवढे पैसे नेमके कशाचे? शिवाय पुण्यात तिचा उपयोग तरी काय?"

दोन शंका म्हणता म्हणता तुम्ही तीन विचारल्यात ताई, पण तिन्ही रास्त आहेत. मी शिकले कापडाचं, इचलकरंजीत. गेली बावीस वर्षं जर्मनीत पिसांच्या उशा-रजयांची तपासणी करते. दिवसाचे आठ तास माझ्या नाकाशी कुणाची ना कुणाची पिसं असतात. बहुतेक वेळा हंसाची किंवा साध्या बदकाची आणि वर्षातून मोजक्या वेळा आयडरची. आयडरची पिशवी उघडायची असली की आमच्याकडची माणसं आधी पंखा बंद करतात. तशी गरज नसते, का ते पुढे येईल. पण सोनाराच्या पेढीवर कुणी मुद्दाम फुंकर मारत नाही ना, त्यातलाच प्रकार.

आधी उपटण्याचं बोलू, कारण झोपेचा प्रश्न त्याच्यावर अडला आहे.

आयडरची पिसं माणूस उपटत नाही. ती उपटते मादी, स्वतःच्या छातीची, स्वतःच्या अंड्यांसाठी. अंडी घालायच्या दिवसांत तिच्या छाती-पोटावरची आतली मऊ पिसं आपोआप सैल होतात. चोचीने ती काढून ती घरट्यात पसरते. यात तिचे दोन हेतू साधतात. अंड्यांना गादी मिळते आणि तिच्या अंगाची उघडी पडलेली कातडी थेट अंड्यांना टेकून ऊब देते. साधारण चार ते सहा अंडी असतात, रंगाने फिकट हिरवट. पुढचे पंचवीसएक दिवस ही बाई जवळपास काहीही न खाता बसून असते. अधूनमधून पाणी प्यायला उठते तेव्हा कडेची पिसं अंड्यांवर ओढून झाकून जाते. उपास संपतो तेव्हा तिचं एक तृतीयांश वजन उतरलेलं असतं. चातुर्मास करणाऱ्यांनी हेवा करावा असा नेम आहे. नर या सगळ्यात नसतो. अंडी उबवायला सुरुवात झाली की तो समुद्रावर इतर नरांच्या घोळक्यात जातो आणि तिथे पिसं गाळून नवी धरत बसतो.

पिल्लं निघाली की अंग वाळल्यावर आई त्यांना घेऊन पाण्यावर जाते आणि त्या घरट्याकडे त्या वर्षी पुन्हा फिरकत नाही. मागे राहतो तो लवेचा एक वाडगा, त्यात गवत, शेवाळ, अंड्याच्या टरफलाचे तुकडे. माणूस उचलतो तो हा वाडगा. बाजारात जी हंस-बदकांची पिसं येतात ती बहुतांश कत्तलखान्यातून, मांसाच्या धंद्याचा जोडमाल म्हणून येतात. आणि काही ठिकाणी जिवंत हंसांची पिसं उपटल्याची प्रकरणंही झालेली आहेत. तुमच्या मनात जे चित्र आहे ते त्या धंद्याचं आहे. थोडक्यात, ओस्लोच्या घरात तुम्ही ज्या साध्या हंसपिसांच्या रजईखाली झोपला असाल, तिच्याबद्दल ही शंका जास्त लागू पडते.

आता खरं सांगायचं तर ही पिसं गोळा करणारे सगळेच शेतकरी पिल्लं निघेपर्यंत थांबत नाहीत. आइसलँडमध्ये बरेच जण उबवणीच्या काळातच घरट्यातली थोडी पिसं काढतात आणि त्या जागी वाळलेलं गवत ठेवतात, किंवा निम्मी तशीच राहू देतात. उरलेली शेवटी घेतात. कारण व्यवहारी आहे. पावसात पिसं महिनाभर भिजत राहिली की कुजतात, त्यात घाण मिसळते, माल उतरतो. मला स्वतःला पिल्लं गेल्यावर उचललेला माल आवडतो, साफ करायला जास्त त्रास असला तरी. दुकानदाराला हे विचारता येतं आणि चांगला दुकानदार सरळ उत्तर देतो.

पण एक गोष्ट दोन्ही पद्धतींत सारखीच आहे. हे बदक पाळता येत नाही. कोंबड्यांसारखं खुराड्यात ठेवून पिसं काढता येत नाहीत. ते समुद्राचं बदक आहे, नरमादी मिळून शिंपल्यांवर जगतं. बुडी मारून तळाचे शिंपले वर आणतं आणि कवचासकट गिळतं. आत पोटाचा जो दळायचा भाग असतो तो त्याचा चुरा करतो. वजन दोन किलोच्या आसपास, युरोपातलं सगळ्यात मोठं बदक. नर पांढराकाळा, मानेमागे पिस्त्यासारखी फिकट हिरवी झाक. मादी तपकिरी, आडव्या रेघांची, गवतात बसली की पाय पडेपर्यंत दिसायची नाही. नराचा आवाज ऐकण्यासारखा असतो. शेजारणीने गुपित सांगितल्यावर एखादी मावशी ओठांवर हात ठेवून "अस्संऽऽ?" म्हणते ना, अगदी तसा. शंभरएक नर एका खाडीत जमले की भिशीच्या बायकांत बसल्यासारखं वाटतं.

शास्त्रीय नावातच त्याचा धंदा सांगून ठेवला आहे: सोमाटेरिया मोलिसिमा, म्हणजे अंगावरची लोकर, तीही सगळ्यात मऊ.

तर असं रानटी पाखरू दरवर्षी मे महिन्यात आइसलँडच्या किनाऱ्यावर माणसाच्या अंगणाजवळ येऊन का बसतं? कारण माणूस जवळ असला की कोल्हा लांब राहतो. कावळ्यांची मोठी जात, काळ्या पाठीचे मोठे कुरव, कोल्हे आणि त्याहून वाईट म्हणजे मिंक, हे सगळे अंड्यांवर आणि पिल्लांवर टपलेले असतात. मिंक हा मूळचा तिथला नव्हे. अमेरिकेतला मुंगसाच्या बांध्याचा हा प्राणी १९३१ साली आइसलँडमध्ये केसाळ कातड्यासाठी आणला, तो पिंजऱ्यांतून सुटला आणि देशभर पसरला. पोहतो, म्हणून बेटंही त्याला वर्ज्य नाहीत. एका रात्रीत वसाहतीची वाताहत करतो. शेतकरी म्हणून करायचं ते एवढंच, की मे-जूनमध्ये जागता पहारा ठेवायचा. मी ज्या घरी राहिले होते तिथला बाप आणि दोन मुलगे पाळी लावून रात्री फिरत. रात्र म्हणायची इतकंच, अंधार पडतच नाही.

वाऱ्यापासून आडोसा म्हणून ते दगडांची छोटी कोनाडी रचतात, जुने टायर टाकतात, फळ्यांची खोपटी करतात. कुरणात रंगीत झेंडे, फिरक्या, चक्क रेडिओ लावून ठेवलेले मी पाहिले. पाखरांना ते आवडतं असं घरचे ठामपणे सांगतात. मला वाटतं, मनुष्यवस्तीची खूण आणि शिकाऱ्यांना बुजगावणं असे दोन्ही उपयोग त्यात असावेत. पण बाईंना फडफडणारं लाल फडकं आवडतं म्हटल्यावर मी वाद घालणारी कोण!

घरट्यापाशी जायचं ते हळू, वाकून, एकाच चालीने. मादी दचकून उडाली तर जाता जाता अंड्यांवर इतकी दुर्गंधी घाण सोडते की कोल्ह्याचीही भूक मरावी. म्हणजे पिसंही गेली आणि अंडीही गार पडली. जुन्या वसाहतीत मात्र काही माद्या इतक्या सरावलेल्या असतात की घरच्या बाईने अंगाखाली हात घातला तरी उठत नाहीत. मी हात घातला तेव्हा उठली. माणूस ओळखतात.

शिवाय मादी जिथे जन्मली त्याच बेटावर अंडी घालायला परत येते आणि वीसेक वर्षं जगू शकते. म्हणून वसाहत ही पिढीजात मिळकत आहे. एकदा उठली तर पुन्हा बसायला माणसाची एक पिढी जाते. आइसलँडमध्ये १८४७ पासून या बदकाच्या शिकारीला बंदी आहे. त्यामागे भूतदया किती आणि हिशेब किती हे विचारू नका. मारलेलं बदक एकदा खाता येतं, जिवंत बदकाचं घरटं दरवर्षी मिळतं, हे किनाऱ्यावरच्या माणसाला कायद्याआधी कळलेलं होतं.

पैशांचं उत्तर इथून सुरू होतं. एका घरट्यातून साफ केलेली पिसं निघतात पंधरा-सतरा ग्रॅम. किलोभर डाऊनला साठ किंवा त्याहून जास्त घरटी लागतात. (मऊ आतल्या पिसांना आमच्या धंद्यात डाऊन म्हणतात, मीही तेच म्हणते.) तुम्ही पाहिलेल्या रजईत आठशे ग्रॅम डाऊन धरलं तर पन्नासएक माद्यांची एका हंगामाची पिसं त्यात आहेत. आख्ख्या आइसलँडचं वर्षाचं उत्पन्न तीन टनांच्या आसपास असतं, आणि जगातल्या आयडर डाऊनचा बहुतांश वाटा तोच. हंस-बदकांच्या डाऊनचा व्यापार हजारो टनांत चालतो. सगळ्या देशाचा वर्षाचा माल दोन-तीन कंटेनरांत मावावा, असा हा जिन्नस. त्यातला बराच जपान आणि जर्मनीकडे जातो.

आणि मग सफाई. घरट्यातून आलेलं गाठोडं बघाल तर हातात धरवणार नाही. वजनाचा मोठा भाग कचराच असतो. ते आधी उन्हावाऱ्यात सुकवतात, मग भट्टीत शंभर अंशांच्या वर काही तास भाजतात. त्याने कीड मरते आणि गवत-शेवाळ कुरकुरीत होऊन चुरा व्हायला तयार होतं. पूर्वी यापुढचं काम एका लाकडी चौकटीवर चाले. चौकटीला आडव्या दोऱ्या ताणून बांधलेल्या, त्यांवर पिसांचा गोळा टाकून घासत राहायचं. दोऱ्या थरथरतात, कचरा खाली गळतो, पिसं एकमेकांना धरून वर राहतात. ही चौकट मी तिथल्या एका जुन्या घरात वाजताना ऐकली आणि मला कराडचं आमचं अंगण आठवलं. दिवाळीनंतर पिंजारी यायचा, त्याच्या धनुकलीच्या तातीचा टण्णटण्ण आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचा आणि आजी जुन्या गाद्या उसवायला घ्यायची. दोरी थरथरवून तंतू मोकळे करायचे आणि कचरा पाडायचा, ही युक्ती दोन्हीकडे एकच. फरक एवढा की पिंजाऱ्याला कापूस फुलवायचा असतो, इथे काहीही न तोडता फक्त झटकायचं असतं.

आता ते काम यंत्रं करतात. पण यंत्रातून निघालेल्या डाऊनमध्येही कणखर देठाची बारीक पिसं राहतातच. ती हाताने वेचावी लागतात, तांदळातले खडे वेचावेत तशी. किलोभर वेचायला सरावलेल्या बाईचा अर्धा दिवस सहज जातो. डोळे आणि बोटं दोन्ही लागतात. मी एकदा हौसेने बसले, तासाभरात मान धरली. शेवटी सरकारमान्य तपासनीस माल पाहून मोहोर करतात, त्याशिवाय तो विकता येत नाही. आइसलँडमध्ये हा कायदाच आहे.

आता प्रश्न उरतो, एवढं करून ते इतर डाऊनपेक्षा वेगळं काय असतं. इथे दुकानदार तुम्हाला हमखास चुकीचं सांगतील. ते म्हणतील, जगातलं सगळ्यात फुगणारं डाऊन. तसं नाही. पिसं किती फुगतात हे मोजायचं आमच्याकडे ठरलेलं माप आहे, फिल पॉवर. एका नळकांड्यात ठरावीक वजनाची पिसं घालून वरून हलका दाब द्यायचा आणि उंची बघायची. या मापात उत्तम हंसपिसं आयडरच्या कित्येकदा पुढे जातात. नवखी मुलं हा आकडा पाहून गोंधळतात, कागदावर स्वस्त माल जिंकलेला दिसतो.

खरा फरक चिकटून राहण्याचा आहे. आयडरच्या पिसाचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर बारीक आकडे दिसतात आणि ते एकमेकांत अडकतात. हंसाच्या पिसाची चिमूट हवेत सोडा, गोळे सुटे होऊन उडतील. आयडरची सोडा, एकाच ढगासारखी तरंगत खाली येईल. चिमटीने ओढा, जाळीसारखी ताणली जाते, सोडली की परत जमते. म्हणून पंखा बंद करायची गरज नसते. आणि म्हणून रजईत ती एका कोपऱ्यात गोळा होत नाही. हंसपिसांच्या रजईला चौकटी-चौकटींची दाट शिवण लागते, आयडरला थोडक्यात भागतं. बेटावरच्या वाऱ्यात घरटं उडून जाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. आपण नुसते तिचे लाभार्थी. वजनाच्या मानाने ऊब प्रचंड, आणि घामाची वाफ बाहेर जाऊ देते. रजई अंगावर आहे हे वजनाने कळत नाही, दहा मिनिटांनी उबेने कळतं.

याच गुणामुळे नकली ओळखणंही सोपं आहे. दोन गोष्टी पाहा. एक रंग: खरं आयडर डाऊन राखाडी-तपकिरी असतं. पांढरंशुभ्र दाखवून "आयडर" म्हणाले तर दुकानातून निघा. दुसरी चिमूट: नमुना मागून चिमटीत ओढून पाहा. शिवाय लेबलावर "आयडरडाऊन" एवढंच असेल तर शेकडा किती ते विचारा. इंग्रजीत कुठल्याही पिसांच्या जाड रजईला हा शब्द वापरायची जुनी सवय आहे, तिचा फायदा घेणारे असतात. माझ्या टेबलावर एकदा "आयडर" म्हणून आलेली महागडी उशी फाडली, आत तपकिरी बदकाची साधी पिसं होती आणि वर शोभेला मूठभर आयडर. घेणाऱ्या बाईंना फोन मीच केला होता. तो दिवस वाईट गेला.

तुमची मंडळी नॉर्वेतच असतात, तर आइसलँडच्या दुकानाआधी वेगा द्वीपसमूह पाहा असं मी सुचवेन. आर्क्टिक वर्तुळाच्या थोडं खाली, साडेसहा हजार लहानमोठी बेटं. तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या आयडरसाठी लाकडाची आणि दगडांची छोटी घरं बांधली, वसंतात ती झाडून-पुसून आत वाळलेल्या समुद्री गवताची गादी करून ठेवायची आणि वाट बघायची. माहेरवाशिणीची खोली आवरून ठेवावी तसं. पुरुष मासेमारीला गेलेले असत, म्हणून हे काम मुख्यतः बायकांचं. २००४ साली युनेस्कोने ही बेटं जागतिक वारसा यादीत घेतली, तेव्हा या बायकांच्या कामाचा मुद्दाम उल्लेख केला. आज तिथे फार थोडी माणसं हे काम करतात आणि पिसंही थोडीच निघतात. खरेदी होईल न होईल, पण ती घरं पाहून तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर माझ्या शब्दांपेक्षा चांगलं मिळेल. कॅनडात सेंट लॉरेन्सच्या मुखाशी असलेल्या बेटांवरही काही जीवशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये ड्युव्हेटनॉर नावाची संस्था काढली. घरट्यांतली पिसं गोळा करून विकायची आणि त्या पैशांतून ती बेटंच राखायची, असा त्यांचा व्यवहार आहे.

एवढं सगळं गोडगोड सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. हे बदक आंतरराष्ट्रीय लाल यादीत आता "निअर थ्रेटन्ड" म्हणून नोंदलं आहे, म्हणजे धोक्याच्या उंबऱ्यावर. बाल्टिक समुद्राच्या बाजूला संख्या बरीच घटली आहे. कारणं पिसांच्या धंद्यात नाहीत. शिंपल्यांचं खाद्य, मिंक, समुद्री गरुडांची वाढलेली संख्या, शिकार, आणि किनाऱ्याजवळ लावलेली मासेमारीची जाळी. आइसलँडमध्ये वसंतात लंपफिश नावाच्या माशासाठी जाळी लावतात, नेमकं त्याच उथळ पाण्यात आयडर बुड्या मारतात आणि अडकून मरतात. लंपफिशची अंडी काळी रंगवून स्वस्त कॅव्हिआर म्हणून बाटलीत येतात. ओस्लोच्या दुकानात ती बाटली दिसेल. मला विचाराल तर रजईपेक्षा त्या बाटलीबद्दल शंका घ्यावी.

राहिलं पुणं. स्पष्ट सांगते, पुण्यासाठी घेऊ नका. तुमच्याकडे थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या काही पहाटा. त्यांना आजीची गोधडी पुरून उरते, आणि गोधडीला निदान धुता तरी येतं. आठशे ग्रॅमच्या आयडर रजईखाली पुण्यात तुम्ही पाय बाहेर काढून झोपाल. चार लाखांची वस्तू पायथ्याशी गुंडाळून ठेवायला घ्यायची का? शिवाय पावसाळा. डाऊनला दमट हवा सोसत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवलीत तर ऑगस्टपर्यंत कुबट वास धरेल. मुंबईच्या एका ओळखीच्या घरी मी अशी हंसपिसांची रजई पाहिली आहे, तिच्याजवळ बसवत नव्हतं.

ओस्लोसाठी मात्र जावयांचं म्हणणं बरोबर आहे. तिथे वर्षातले सहा-सात महिने ती रोज वापरली जाईल. नीट ठेवली तर तीस-चाळीस वर्षं टिकते, पुढे कापड बदलून तेच डाऊन पुन्हा भरता येतं. किंमत रात्रींवर वाटून पाहिली तर तेवढी टोचत नाही. नातवंडांपर्यंत जाईल. घ्यायची तर आठशे-हजार ग्रॅमची नको, पाच-सहाशेची पुष्कळ होते. तिथली घरं आतून गरम असतात. आवरणाचं कापड दाट विणीचं सुती असावं, रेशमी दिसायला छान पण घसरतं. वर सुती खोळ कायम घाला आणि धुवायची ती खोळ. रजई धुणं वर्षानुवर्षं टाळता येतं. कोरड्या दिवशी सावलीत, वाऱ्यावर दोन तास टाकली की बास. कडक उन्हात नाही, आणि काठीने झोडपायचं तर अजिबात नाही. ठेवायची ती सुती पिशवीत, सैल. व्हॅक्यूमच्या पिशव्या मिळतात, ज्यात हवा ओढून रजई पापडाएवढी होते, त्या आयडरसाठी नाहीत हे लेकीला आधीच सांगून ठेवा.

आणि दुकानात गेलात की पैशांचं बोलण्याआधी सुटं डाऊन तळहातावर ठेवायला मागा. बहुतेक ठिकाणी काचेच्या बरणीत नमुना असतो. हातावर घ्या, दुसरा हात वर अलगद धरा आणि जावयांना बोलू न देता तीसपर्यंत मोजा. पहिल्या दहा अंकांत हात रिकामा आहे असं वाटेल.